आमच्या गावातली भूमा

खळं कुठं होतं ते मी डोळे झाकून दाखवीन, असं चुलत भावाला ठणकावून सांगितलं आणि डोळे उघडे ठेवूनही दोनदा चुकले. पहिल्यांदा जिथं बोट दाखवलं तिथं, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, आजोबांच्या काळापासून उकिरडा होता. दुसऱ्यांदा दाखवलं तिथं विहीर होती आणि अजूनही आहे. तिसऱ्यांदा मात्र सोलरच्या पाट्यांच्या सावलीत जाऊन उभी राहिले, चप्पल काढली आणि तळपायाला ओळख पटली. कठीण, गुळगुळीत, नांगराला कधी न बधलेली भुई.

"हेच ते," मी म्हणाले. अंगावर काटा आला होता.

"ताई, हितं मी मागल्या साली मुरूम टाकून रोलर फिरवलाय," भाऊ म्हणाला. "जागा हीच हाय म्हना. पर चप्पल घाल, काटे हायत."

फाल्गुनातलं दुपारचं वारं सुटलं होतं. शेजारच्या रानात कडबा उभा होता. त्याचा तो गोडसर, धुळकट, नाकात हुळहुळणारा वास आला आणि मी एकोणीस वर्षांची झाले. गुडघे सोडून सगळी.

तेव्हा खळं करणं म्हणजे घरात छोटं लग्नच निघाल्यासारखं. आधी गवत खुरपायचं, पाणी शिंपायचं, बैल गोल गोल फिरवून भुई चोपायची, मग काकू आणि शेजारच्या बाया शेणाचा काला ओतून हातानं सारवायच्या. दुपारपर्यंत ते वाळून असं ताणलं जायचं की टिचकी मारली तर डफासारखं वाजावं. मग त्यावर ज्वारीची कणसं पडायची. बैल फिरायचे, त्यांच्या गळ्यातल्या घुंगरांचा ताल मंदावत मंदावत जायचा, कारण दुपारी बैलालाही झोप येते. मग वाऱ्याची वाट बघायची. वारं पडलं की नाना शीळ घालायचे. शिळेनं वारं येतं अशी त्यांची खात्री होती. वारं आपल्या वेळेनंच यायचं, पण तोवर नाना शीळ थांबवतच नसत, त्यामुळं श्रेय त्यांनाच मिळायचं.

नाना म्हणजे माझे थोरले चुलते. माझे वडील एसटीत होते, महिन्यातून दोनदा घरी यायचे आणि त्यातला दीड दिवस झोपायचे. घरचा शब्द नानांचा. काकू त्यांची बायको. तिचा शब्द नानांच्या शब्दाच्या आतून चालायचा, उसात पाणी चालतं तसा.

आणि मी. मी अंबाजोगाईच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला. फी भरायच्या रांगेत गप्पा मारत राहिले, तोवर बाकीच्या विषयांच्या जागा भरल्या आणि माझ्या वाट्याला तत्त्वज्ञान आलं. वर्गात आम्ही सहाजण होतो. त्यातले दोघं पंख्याखाली बसायला यायचे. पण सर असे शिकवायचे की जणू समोर सहाशे बसलेत. एके दिवशी त्यांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला. भूमा.

म्हणाले, "हा शब्द आता कुणी वापरत नाही. घागर भरली, पोट भरलं, घर भरलं, हे आपलं रोजचं भरलेपण. पण घागरीच्या बाहेर विहीर उरते, पोटाच्या बाहेर उद्याची भूक उरते. जे बाहेर उरणाऱ्याच्या मानानं मोजता येतं ते अल्प. ज्याच्या बाहेर काही उरतच नाही, ज्यात घालायलाही काही नाही आणि ज्यातून काढून काही कमी होत नाही, ते भरलेपण म्हणजे भूमा."

मला काय झालं ते सांगता येत नाही. कळलं म्हणावं तर तसं काही कळलं नव्हतं. पण नवं लुगडं मिळाल्यावर बाई जशी ते नेसून विनाकारण गल्लीतून दोनदा जाते, तसा तो शब्द मी तोंडात घेऊन फिरायला लागले. होस्टेलच्या बादलीला म्हणाले, तू अल्प. मेसच्या आमटीला तर सांगायचीच गरज नव्हती. आणि रास करायच्या दिवसांत घरी आले ती एसटीतून उतरतानाच ठरवून, की हा शब्द घरी नेऊन दाखवायचा.

दाखवला. पहिल्याच जेवणात. नानांनी भाकरी संपवली, ताटात हात धुतला, ढेकर दिली आणि म्हणाले, "भरलं बया पोट."

"नाना," मी म्हणाले, "पोट भरणं हे अल्प आहे. खरी ती भूमा."

काकूचा पाण्याचा तांब्या हातातच राहिला. "बये, जेवलेल्या माणसाला पोट न्हाई भरलं म्हनावं का?"

मी सरांसारखं उभं राहून समजावलं. हात केले. घागर सांगितली, विहीर सांगितली. नाना ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "चांगलं हाय. पर ह्याचा उपेग कुठं व्हतो?"

"उपयोग होत नाही नाना. दुर्मिळ शब्द आहे."

"कुनीच वापरत न्हाई?"

"कुणीच नाही," मी अभिमानानं सांगितलं.

"मंग तू कावून शिकायलीस?"

आता ह्याला उत्तर असतं, पण ते नेहमी दुसऱ्या दिवशी सुचतं. नानांनी सुपारी कातरली. म्हणाले, "हे बग. तेलगावचे पाव्हणे येनार हायत तुला बगायला. रास झाली की येतो म्हनलेत. चांगलं घर हाय. मी न्हाई म्हनायचं तर कायतरी कारन पायजे का न्हाई? रास उरकंपर्यंत तुझा हा शब्द ह्या रानात, ह्या गावात कुठं लागू व्हतो तेवढं दाव. दावलास तर जा माघारी अंबाजोगाईला. न्हाई तर बस झालं शिक्षन."

त्या रात्रीपासून माझी अख्खी पदवी त्या दोन अक्षरांवर टांगलेली होती.

आता मजा अशी, की भरलेपणाच्या शब्दांची आमच्या घरात कधीच कमी नव्हती. आमच्याकडं काही संपतच नसे. मीठ संपलं की काकू म्हणायची, मीठ उदंड झालंय. दिवा विझत नसे, वाढायचा. बांगडी फुटत नसे, तीही वाढायची. लहानपणी मला वाटायचं आपण फार श्रीमंत आहोत, कारण दर आठवड्याला काही ना काही उदंड होतंय. पुढं डब्यात हात घातल्यावर कळलं. तरीही त्या बोलण्याची चव जिभेवरून जात नाही. रिकाम्या डब्यापुढं उभं राहून उदंड म्हणणाऱ्या बाया मी बघितल्यात, आणि त्यांच्या तोंडावर खोटं बोलल्याची एक रेघ नव्हती.

मला तेव्हा हे दिसलं नाही. मी भूमा शोधत होते. विहिरीत डोकावले, आभाळाकडं बघितलं, मांजरेच्या पात्राकडं जाऊन आले. सगळ्याच्या बाहेर काहीतरी उरतच होतं.

आणि रास मोजायचा दिवस उजाडला.

उफणून झालेली ज्वारी खळ्याच्या मधोमध, माझ्या छातीइतकी उंच. पांढरी म्हणावी तर पिवळसर, पिवळी म्हणावी तर मोत्यासारखी. तिच्यापुढं नारळ फुटलेला, उदबत्तीचा धूर कडब्याच्या वासात मिसळलेला. मापाला बापू. बापूची मेंढरं दर उन्हाळ्यात आमच्या रानात बसायची. ज्याचा राशीत वाटा नाही त्यानं माप धरायचं, अशी आमच्याकडची रीत, म्हणून पायली बापूच्या हातात. पायली काठोकाठ भरली की वर दाण्यांचा जो निमुळता डोंगर राहतो त्याला शीग म्हणतात. बापूच्या शिगेवर माशी बसली असती तरी दाणा ढळला नसता.

राशीपाशी चप्पल नाही. शिंक आली तर खळ्याबाहेर जायचं. बोलायचं फक्त मापाऱ्यानं. तोही पहिल्या पायलीला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. आणि शेवटी संपली म्हणत नाही, उदंड म्हणतो. सगळ्यात मोठी मनाई एकाच प्रश्नाला: किती राहिली. तो मनातही आणायचा नाही. आणि बोलून चुकलं तर भरत आलेलं पोतं परत राशीवर ओतायचं आणि त्याची मोजणी पुन्हा लाभापासून.

"लाभ," बापू म्हणाला. काकूनं पोत्याचं तोंड पसरून धरलं. "दोन. तीन." त्याचा आवाज मोजल्यासारखा नव्हता, कुणाला तरी झोपवल्यासारखा होता. पायली राशीत शिरताना खसकन आवाज, पोत्यात पडताना पावसासारखा, आणि मध्ये वारं. मी समोर बसले होते. हातात सूप, तोंडाला कुलूप. माझ्यासारखीला हे कुलूप म्हणजे काय ते माझ्या घरच्यांनाच ठाऊक.

पंधरावं पोतं चाललं असेल. मी राशीकडं बघता बघता एकदम ताठ बसले.

बापू एका बाजूनं उपसत होता. उपसलं की तिथं खड्डा पडायचा. आणि पडतो न पडतो तोच वरून दाणे घरंगळायचे, सगळ्या बाजूंनी सळसळ खाली यायचे, खड्डा मिटायचा, आणि रास पुन्हा टोकदार. पुन्हा पुरी. सकाळी छातीइतकी होती, आता कमरेइतकी, मग गुडघ्याइतकी; पण मी कितीही डोळे ताणले तरी अर्धी रास मला दिसेना. लहान होत होती, अर्धी होत नव्हती. प्रत्येक पायलीनंतर ती जशीच्या तशी, सगळीच्या सगळी तिथं होती.

हे असंच अजून बघायचं होतं मला. ते लवकर सरू नये एवढंच वाटलं, आणि त्या भरात तोंडून निघून गेलं:

"बापू, अजून किती राहिली?"

घुंगरं थांबली की वाऱ्यालाही चुकल्यासारखं होतं, तसं झालं. बापूचा हात हवेत. काकूनं डोळे मिटले. नानांनी पोत्याकडं बोट केलं. सतराव्या पायलीला आलेलं ते पोतं काकू आणि बापूनं उचललं आणि राशीवर उपडं केलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं. पण खरं सांगते, मी बघतच राहिले. गुडघ्याएवढी रास चार बोटं वर आली, दाणे घरंगळले, टोक आलं. तीच. जास्त रास झाली नव्हती. आधीही कमी नव्हती.

उन्हं कलताना बापू "उदंड" म्हणाला आणि सगळ्यांची तोंडं सुटली. बायांनी आधी मला पोटभर बोलून घेतलं. मग नाना पोत्याला टेकून बसले. "हां बये. बोल आता. येवडं पोतं माघारी वतलंस ती काय सांगायला?"

मी सरांच्या 'निरपेक्ष' ह्या शब्दापासून सुरुवात केली. नाना म्हणाले, "मराठीत सांग."

"नाना, तुम्ही अर्धी रास कधी बघितलीय का?"

"म्हंजी?"

"आज दिवसभर बापूनं उपसली. पण कुठल्याही क्षणी बघा, ती पुरीच होती. काढलं तर मिटायची, ओतलं तर मिटायची. पोती मोजता आली आपल्याला, पण रास काही मोजली गेली नाही. त्या पुरेपणाला..." इथं सर आठवले आणि माझा धीर सुटला. "त्याला जवळजवळ भूमा म्हणता येईल. अगदी तीच नाही. तिच्या गावची."

"जवळजवळला कॉलेजात मार्क देतेत का?"

"थोडे देतात."

नानांनी मान वळवली. "काय बे बापू, तुला कळलं का काही?"

बापू पटका झटकत होता. "शब्द काय न्हाई कळला. पर येवडी वरसं माप धरतो, समदे पोत्याकडं बगतेत. राशीकडं बगनारी ही पैलीच."

"बोलनारी बी पैलीच," काकू म्हणाली.

नाना फक्त "बगू" म्हणाले. आमच्या घरात ह्या बगूचा अर्थ पुढचा श्रावण येईपर्यंत कुणाला लागत नसे. इथं तर पाहुणे चार दिवसांवर होते.

त्या चार दिवसांची आठवण आली की मला अजून स्वतःला एक चापट मारावीशी वाटते. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना म्हशीची धार काढून आले. बादलीत फेस काठावर आलेला. मला हाक मारली. "ही भूमा हाय का गं?"

"नाही नाना. बादलीच्या बाहेर अंगण आहे."

युसूफ वडगावचा बाजार करून आले ते पाय चोळत. "आज यष्टी अशी भूमा आल्ती, पाय ठेवायला जागा न्हाई."

"टपावर होती ना?"

"टपावर व्हती."

"मग नाही."

"तुझी ही भूमा लई कंजूस हाय," नाना म्हणाले आणि उठून गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाण्यानं भरलेला दंड, म्हणजे रानातला पाट, दाखवला, मी बांध दाखवला. अंगणात निजलेल्या सगळ्या लेकरांकडं बोट केलं, मी म्हणाले वडील ड्युटीवर आहेत. ज्या शब्दावर माझं कॉलेज टांगलं होतं, त्यात मी परीक्षक होऊन नानांना रोज नापास करत होते.

शेवटी काकूनं मला चुलीपाशी धरलं. "अक्कल कुठं गहाण ठिवलीस? तो मानूस चार दिवस झाले रानोरान तुझ्यासाठी जागा धुंडायलाय त्या शब्दाला. त्याला तुला धाडायचं हाय. कारन पायजे त्याला. आन तू कडंला हुभी राहून न्हाई न्हाई करतीस."

माझ्या हातातली फुंकणी तशीच राहिली. धूर डोळ्यांत गेला, असं मी तेव्हा सांगितलं.

तेलगावचे पाहुणे आले. तिघं. फेटे कडक, चहा गोड. मी आतल्या दाराशी कान लावून. इकडचं तिकडचं झालं, उसाचं झालं, कापसाचं झालं. मग त्यांच्यातले वडीलधारे म्हणाले, "मंग, पोरीचं काय म्हनता पाटील?"

नाना घसा खाकरले. "पोरगी द्यायची हाय. घर तुमचं चांगलं हाय. पर तिची भूमा व्हायची हाय अजून."

मी दार ढकलून असं नसतं हो म्हणायला निघालेच होते. काकूनं माझ्या तोंडात गुळाचा एवढा खडा कोंबला की मला श्वासही नाकानंच घ्यावा लागला.

"असं का," पाहुणे म्हणाले. "किती दिस लागतेत तिला?"

"दोन वरसं तरी."

"करू द्या, करू द्या. अर्ध्यात सोडू नये. आमच्या मेव्हण्याच्या पोरीची बी ऱ्हायलीया."

नानांनी गंभीरपणे मान हलवली. पाहुणे चिवडा खाऊन गेले. नाना आत आले, माझ्याकडं न बघता खुंटीवरचा टॉवेल घेतला आणि म्हणाले, "लागू झाला शब्द."

जूनमध्ये दुसऱ्या वर्षाला निघाले तेव्हा केजच्या स्टँडवर त्याच टॉवेलानं त्यांनी खिडकीतून माझी जागा धरली. पुढं माझी पदवी झाली. तत्त्वज्ञानात अडतीस मार्क पडले. ते कुठल्या जवळजवळचे होते ते सर जाणोत. लातूरला शाळेत लागले, पोरांना शब्दार्थ शिकवता शिकवता केस पांढरे झाले. नाना गेले. मीठ, तेल, कुंकू, सगळ्याला आमच्या बोलीत उदंड म्हणता येतं. माणसाला म्हणता येत नाही, गेला असंच म्हणावं लागतं. बापूची मेंढरं आता कुणाच्या रानात बसतात ठाऊक नाही. रास तर कुणीच बघत नाही. यंत्राच्या एका तोंडानं कणसं जातात आणि दुसऱ्या तोंडानं थेट पोत्यात ज्वारी पडते. तिला भुईला टेकायलाही सवड नाही.

सोलरच्या सावलीत मी बराच वेळ उभी होते. भाऊ घड्याळ बघायला लागला, तेव्हा निघाले. त्यानं फाट्यावर एका रिक्षात बसवून दिलं. रिक्षावाला पन्नाशीचा, शेजारच्या गावचा. मी त्याला ओळखत नव्हते, तोही मला नाही. केजच्या अलीकडं पंपावर त्यानं रिक्षा घातली, झाकण काढलं आणि पंपावरल्या माणसाला म्हणाला, "भूमा करा."

पंपावरच्या माणसानं काहीही न विचारता नळी लावली.

मी सीटवरून जवळजवळ बाहेर आले. "काय म्हणालात तुम्ही?"

"काय?"

"आत्ता. टाकीला."

"भूमा? भूमा करा म्हनलो. कावून?"

"कुठला हो हा शब्द?"

"कुठला म्हंजी? हितलाच. आमच्या समद्या गावातनी म्हनतेत. तुमी कुठल्या?"

"लातूरच्या."

"तिकडं न्हाई का? मंग तुमी काय म्हनता?"

"फुल्ल म्हणतो."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी एकेकाळी नानांच्या बादलीकडं बघत असे. "फुल्ल येगळं ताई. फुल्ल म्हंजी नुस्तं भांडं भरलं. भूमा म्हंजी..." तो थांबला. डोकं खाजवलं. मग म्हणाला, "आता बगा. मागल्या पावसाळ्यात आईला दवाखान्यातनं घरी आनलं. समदी लेकरं आल्ती, सुना, जावई, गल्ली लोटलेली. आईनं बाजंवर पडून एकेकाचं तोंड बगितलं. मी म्हनलं, आई, काय आनू का तुला? तर म्हनली, आता भूमा हाय, कुनी काय आनू नगा."

मी विचारलं, "मग?"

"मंग काय," त्यानं झाकण लावलं, किक मारली. "हाय की घरी. काल कोथमीर इसरलो म्हनून मला जेवाय न्हाई दिलं."